दही लावणारा अँप्लिफायर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. आमच्या तालुक्याच्या गावातल्या शाळेतले विज्ञानाचे सर. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, आई मजुरीला जायची. पोराला दहावीनंतर कुठे घालायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. ते सरांना ठाऊक होतं. सर घरी आले, आईच्या हातचा कोरा चहा प्यायले आणि म्हणाले, "हा पुण्याला जाईल." वडिलांनी विचारलं, "तिथं काय करील?" सर म्हणाले, "आत्ता इथं करतो तेच. फक्त पगार घेऊन."

मी तेव्हा काय करायचो, तर सरांसाठी बॅटरी धरायचो. विहारातला लाउडस्पीकर दरवर्षी नेमका जयंतीच्या तोंडावर रुसायचा. सर तो उघडायचे आणि मी उजेड दाखवायचो. मग सर विचारायचे, "काय ऐकू येतं?" मी म्हणायचो, "सर, कंडेन्सर गेलाय." सर म्हणायचे, "ते तुला वाटलं. ऐकू काय येतं ते सांग." "घूं असा आवाज." "हां. आता बोललास." विज्ञानाच्या वहीत ते आम्हाला पानाच्या मधोमध रेघ मारायला लावत. एका बाजूला 'ऐकलं-पाहिलं', दुसऱ्या बाजूला 'वाटलं'. वाटायला बंदी नव्हती. पण वाटलेल्यानं ऐकलेल्याच्या घरात जाऊन बसायचं नाही, एवढा त्यांचा नियम होता.

सरांच्या घरी त्यांनी स्वतः जुळवलेला एक अँप्लिफायर होता. धान्याच्या पेटीएवढा. आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर, मागे उष्णता बाहेर टाकायला अ‍ॅल्युमिनियमच्या पंख्या. रोज संध्याकाळी तो लागायचा आणि सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या प्राथमिक शाळेच्या बाई, भाजी निवडता निवडता गाणं ऐकायच्या. आम्हाला कविता चालीवर म्हणायला शिकवल्या त्या त्यांनीच.

दोनेक वर्षांपूर्वी बाईंना पक्षाघात झाला. बोलणं गेलं, चालणं गेलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्या पलंगावर होत्या आणि बाजूच्या टेबलावर तो अँप्लिफायर वाजत होता. उजव्या हाताची बोटं चादरीवर ताल धरत होती. सर मला म्हणाले, "दिवसभरात एवढंच बोलते." मग हसून म्हणाले, "पण समेवर बरोबर येते."

गेल्या दिवाळीनंतर सरांचं पत्र आलं. सर आता फोनवर बोलत नाहीत, त्यांना नीट ऐकू येत नाही. वीज खालीवर होऊन अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर जळला होता. गावातला माणूस तो पुन्हा गुंडाळून देईन म्हणत होता, पण खात्री देत नव्हता. शहरात आता तळहातावर मावणारे 'क्लास डी' नावाचे अँप्लिफायर मिळतात असं सरांनी वाचलं होतं. 'ते खेळणं आहे की खरं, ते मला कळत नाही,' त्यांनी लिहिलं होतं. 'पूर्वी मी स्वतः ऐकून ठरवलं असतं. आता माझ्या कानांचा भरवसा नाही. तू ऐकून सांग. बाईची बोटं सध्या गप्प आहेत.'

शेवटचं वाक्य वाचलं आणि मी पत्र खिशात घालून सरळ गुलटेकडीला गेलो.

गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागच्या एका जुन्या सोसायटीत, माझे घरमालक राहतात. घरमालक होते असं म्हणायला हवं. मी आता हडपसरपुढच्या मांजरी गावात एका नव्या इमारतीत राहतो. खिडकीतून अजून थोडा ऊस दिसतो, दिसतो तोवर. पण शिकत होतो तेव्हा त्यांच्या मागच्या खोलीत राहायचो, आणि दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे गाणं ऐकायला जायची सवय अजून सुटलेली नाही. मी त्यांना काका म्हणतो. काका बँकेतून निवृत्त झालेत आणि अँप्लिफायरबाबत त्यांचं मत बँकेत लागायच्या आधीच ठरलेलं आहे. त्यांचाही अँप सरांच्यासारखाच, जुन्या पद्धतीचा, जड आणि तापणारा. त्याला क्लास एबी म्हणतात. हॉलमधल्या शोकेसवर तो बसलेला असतो. घरात पाहुणा आला की काका आधी त्याची ओळख करून देतात, मग काकूंची.

काकूंनी मात्र त्याचा वेगळा उपयोग शोधून काढला होता. पुण्यात डिसेंबरात रात्रभर ठेवूनही दही नीट लागत नाही. काका सकाळी उठल्या उठल्या अँप चालू करतात, तेव्हा काकू दह्याचा चिनी मातीचा सट आणतात आणि अँपच्या जाळीच्या पत्र्यावर फडकं घालून वर ठेवतात. जेवणाच्या वेळेपर्यंत दही सुरीनं कापावं असं लागतं. काका सुरुवातीला चिडायचे. "अगं, हे संगीताचं यंत्र आहे!" काकू म्हणायच्या, "मग दह्याला ऐकू देत की." मी तिथे राहत होतो तेव्हापासून हा सट हिवाळाभर तिथेच असायचा. इतका रोजचा, की घड्याळाखालच्या कॅलेंडरसारखा तो आम्हाला दिसेनासा झाला होता.

मी सरांचं पत्र वाचून दाखवलं. काकांनी ते नीट ऐकलं आणि म्हणाले, "यात विचारण्यासारखं काय आहे? डी म्हणजे डबडं."

वरच्या मजल्यावर आयटीत काम करणारी एक मुलगी भाड्यानं राहते. तीही गाणं ऐकायला खाली येते, त्या दिवशीही आली होती. तिच्याकडे नेमका तसा एक क्लास डी अँप होता. ती म्हणाली, "काका, तुम्ही ऐकलाय कधी तरी?"

"ऐकायला कशाला पाहिजे? बघितला ना. साबणाची वडी बरी त्यापेक्षा. या डबीत गाणं मावतं?"

"तुमच्या डोक्यात इतकी गाणी मावतात. ते केवढं आहे?"

"माझ्या डोक्यात अ‍ॅनालॉग आहे. तुझी ती डबी डिजिटल. गाण्याचे तुकडे करते आणि पुन्हा चिकटवते. फुटलेली बरणी आम्ही पाहुण्यांसमोर काढत नाही."

"डी म्हणजे डिजिटल नाहीच मुळी! ए, बी, सी झाले, पुढचं अक्षर डी, म्हणून डी. सीरियसली, काका, वाचा कुठेतरी."

"म्हणजे ए पहिला आला. आमच्या वेळी पहिल्या आलेल्याला मान असे."

"तुमचा ए-बी आहे. दुसरा आलेला."

काका माझ्याकडे वळले. ते एरवी मला अरे-तुरे करतात, पण कोंडीत सापडले की आपण म्हणतात. "आणि आपण? आपण इंजिनिअर. आपलं मत चहा संपल्यावर येणार की पुढच्या रविवारी?"

मी हडपसरच्या एका कंपनीत पॉवर सप्लाय तपासण्याचं काम करतो. त्यामुळे मला सांगता येण्यासारखं थोडं होतं. म्हटलं, जुना अँप म्हणजे अर्धवट उघडलेला नळ. गाण्याला जेवढं पाणी हवं तेवढं तो सोडतो आणि उरलेला जोर नळातच दाबून धरतो. तो जोर उष्णता होऊन बाहेर पडतो. क्लास डीमध्ये नळ कधीच अर्धवट नसतो. एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. हे उघडणं-मिटणं इतक्या वेगानं चालतं की कानाला त्याचा पत्ता लागत नाही. शेवटी एक गाळणी असते, ती त्या ठिबक्यांची पुन्हा सलग धार करते. दाबून धरायला काही नाही, म्हणून तापणंही जवळजवळ नाही.

"बघा!" मुलगी म्हणाली. "तुमचा अँप गातो कमी आणि तापतो जास्त."

"तापणं हे रसिकतेचं लक्षण आहे," काका म्हणाले. "थंडपणे गाणं ऐकणारी माणसं मी बँकेत पुष्कळ पाहिली." मग जरा आवाज खाली आणून मला म्हणाले, "हे बघ, माझ्या पलंगाखाली याच जोडीचा दुसरा अँप पडून आहे. चालू स्थितीतला. तुझ्या सरांना तो पाठवून दे. माझ्याकडून. आजारी माणसाच्या घरी डबडं नको."

हे ऐकून मला भरून आलं, आणि अडचणही झाली. काकांनी मला मागची खोली दिली तेव्हा आडनाव ऐकून पुढचे प्रश्न विचारले नव्हते. आधीच्या तीन ठिकाणी विचारले गेले होते. त्यांना नाही म्हणणं मला जड जातं. पण सरांनी 'ऐकून सांग' म्हटलं होतं, 'कुणी देतंय का बघ' असं नाही.

"काका," मी म्हटलं, "न बघता ऐकू. पडद्याआड दोन्ही ठेवू. कोणता वाजतोय हे आपल्याला कळता कामा नये. मग जे ऐकू येईल ते सरांना कळवू."

"परीक्षा?" काका म्हणाले. "घ्या. मी पाठांतरावर पास झालेला माणूस नाही."

पुढच्या रविवारी सकाळी मी सगळं सामान घेऊन गेलो. दोन्ही अँपच्या वायरी एका खटक्याच्या डब्यात आणल्या आणि तिथून स्पीकरकडे नेल्या. खटका इकडे केला की जुना वाजणार, तिकडे केला की नवा. मीटर लावून दोघांचा आवाज सारखा केला, कारण जरा मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो. आदल्या रात्री आईचा फोन आला तेव्हा तिला हे सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "इतकं शिकून डबेच ऐकून राह्यला का तू?" मी म्हटलं, "सरांसाठी." सरांसाठी म्हटलं की आमच्या घरी विषय संपतो.

पंच म्हणून काकू. त्यांचं म्हणणं, "मला दोन्ही सारखेच त्रास देतात, म्हणजे मी निःपक्षपाती." शोकेससमोर जुनी चादर बांधायची होती. काकू म्हणाल्या, "सटाला धक्का लावू नका हं." आम्ही तिघांनी अगदी जपून, सटाला वळसा घालून चादर बांधली. काकू आत स्टुलावर बसल्या. मी त्यांना काम समजावून सांगितलं. नाणं उडवायचं, छापा आला तर जुना, काटा आला तर नवा. "आणि काकू, जो वाजत नसेल तो बटण दाबून बंद करायचा. जुन्याच्या ट्रान्सफॉर्मरची घूंघूं बारीक ऐकू येते. ती आली तर लगेच ओळखू येईल."

"बरं," चादरीमागून काकू म्हणाल्या. "पण तबला जोरात वाजेल असं काही लावू नका."

का, असं आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही.

सुरुवात झाली. एकच बंदिश पुन्हा पुन्हा. आतून नाण्याची टिंग, मग खटक्याचा आवाज, मग गाणं. काका डोळे मिटून. मुलगी भिंतीला टेकून, कपाळावर आठी. मी तर सरांची जुनी सवय म्हणून कागदावर मधोमध रेघ मारून बसलो होतो. प्रत्येक फेरीला तिघांनी आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं आणि बोलायचं नाही, असं ठरलं होतं. काका बोललेच. "अहाहा. याला म्हणतात ऊब." पुढच्या फेरीला पुन्हा, "हाही आमचाच. लपतो थोडाच?" मुलगी तोंड वाकडं करत होती, पण लिहीत तीही राहिली.

फेऱ्या झाल्या. स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी आली तेव्हा काकूंनी पंचपद सोडलं. आम्ही चिठ्ठ्या एकत्र ठेवल्या.

काकांनी प्रत्येक फेरीला लिहिलं होतं, 'जुना'. पुढे शेरे: ऊबदार, भरीव, घरचा वाटतो. मुलीनंही प्रत्येक फेरीला लिहिलं होतं, 'जुना'. शेरे: गढूळ, बोजड, झोप येते. आणि माझ्या कागदावर, रेघेच्या डाव्या बाजूला, ऐकलेल्याच्या घरात, सगळीकडे लिहिलेलं होतं, 'जुना. खालचे स्वर गोल.'

"म्हणजे काय," मुलगी म्हणाली, "प्रत्येक वेळी छापाच पडला?"

"छे हो," काकू चादर सोडवत म्हणाल्या. "निम्म्याच्या वर काटा पडला. बराच वेळ ती हिची डबीच वाजत होती."

काका उठून उभे राहिले. "शक्य नाही. मी घूं ऐकलं. प्रत्येक फेरीला ऐकलं."

"ऐकणारच. तो चालूच होता ना."

"काकू!" मी म्हटलं. "न वाजणारा बंद करायचा होता."

काकूंनी फडक्यात धरून सट उचलला, जरासा तिरका केला आणि आम्हाला आतलं दही दाखवलं. ते हललं नाही. "आणि हे कुठे लावायचं होतं? तुमच्या डोक्यावर? वाजायला जे सांगितलं ते वाजवलं. बंद करायचं मला जमण्यासारखं नव्हतं."

जुना अँप काही न वाजवता नुसता तापत बसला होता. त्याची बारीक घूं खोलीत होती आणि तेवढ्यावर काकांनी ऊब ऐकली, मुलीनं गढूळपणा ऐकला आणि मी गोल स्वर ऐकले. सटाला वळसा घालून ज्यांनी चादर बांधली ते आम्हीच. मला मनातल्या मनात सरांचा आवाज आला, 'ते तुला वाटलं.'

मुलगी आधी हसली. "काका, तुम्ही माझ्या अँपला अहाहा म्हणालात."

"आणि तू त्याला गढूळ म्हणालीस. स्वतःच्या पोराला. मी निदान परक्याचं कौतुक केलं."

जेवायला बसलो. दहीभात, मिरचीचा ठेचा. दही खरंच छान होतं आणि काकांनी ते मुद्दाम दोनदा मागून घेतलं. "यात कोण जिंकलं ते स्पष्ट आहे," ते म्हणाले. "तुमच्या डबीवर हे लागलं असतं का? सरांना लिही. माझा पलंगाखालचा पाठव."

मी घास घेत होतो. तेवढ्यात काकूंनी सहज विचारलं, "तुमच्याकडे रे दही कसं लावतात?"

"आमच्याकडे लावावं लागत नाही," मी म्हटलं. "विरजण दाखवलं की पुरे. उन्हाळ्यात तर सकाळी लावलेलं दुपारी आंबट ढाण होतं. बाईंच्या खोलीत कूलर लावूनही भिंती रात्रीपर्यंत गरम असतात."

काका भात कालवायचे थांबले. "त्या खोलीतच वाजतं का ते?"

"त्यांच्या पलंगाशेजारी."

"आणि वीज?"

"उन्हाळ्यात जाते. तासन् तास. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर पंखा आणि एक दिवा."

काकांनी पुन्हा भात कालवायला घेतला. मग ताटाकडे बघतच म्हणाले, "मग तिथे शेगडी कशाला पाठवायची? आजारी बाई ती." आणि मुलीकडे वळून, "तुझी ती साबणाची वडी कुठे मिळते ते याला सांग. जिंकलीस असं समजू नकोस. हवामानामुळे सामना थांबवलाय."

मी तसाच एक अँप घेतला, कंपनीत आठवडाभर तपासला आणि ट्रॅव्हल्सच्या गाडीनं सरांकडे पाठवला. सोबत हे पत्र घातलं.

आदरणीय सर, सप्रेम जयभीम.

सोबत क्लास डीचा अँप्लिफायर पाठवत आहे. आधी चूक सांगतो. आम्ही तिघांनी न बघता ऐकायची परीक्षा घेतली आणि तिघेही नापास झालो. जुना अँप नुसता चालू होता, त्याची घूं ऐकून आम्ही गाणंही त्याचंच समजलो. मी 'वाटलं' ते 'ऐकलं'च्या बाजूला लिहिलं. तुम्ही माझी वही फेकली असती. मग घरमालकांचा दुसरा जुना अँप कंपनीत नेऊन, एका वेळी एकच चालू ठेवून, एकट्यानं पुन्हा ऐकलं. आता रेघ मारून लिहितो.

ऐकलं-पाहिलं: बाई ऐकायच्या तेवढ्या आवाजात मला दोघांत फरक सांगता आला नाही. स्पीकरला अगदी कान लावला तर नव्यात बारीक सूं ऐकू येते, पलंगावरून येणार नाही. दिवसभर वाजवूनही तो हाताला कोमटच लागतो. इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा असताना बिनघोर चालेल. मात्र तुमचा मिडियम वेव्हचा रेडिओ त्याच्या जवळ ठेवू नका, खरखर येईल. सोबतचाच अ‍ॅडॉप्टर वापरा, दुसरा नको.

वाटलं: तो खेळणं नाही. तुमचा जुना टाकू मात्र नका. ट्रान्सफॉर्मर मी मेमध्ये आल्यावर बघतो. बॅटरी यावेळी तुम्ही धरा.

पण माझ्या कानांपेक्षा खरी परीक्षा तुमच्याकडे आहे. तुम्हाला ऐकू आलं नाही तरी चालेल, दिसेल. संध्याकाळी लावा आणि बाईंच्या बोटांकडे बघा. ती काय म्हणतात ते मला डाव्या बाजूला लिहून कळवा.

आई-वडील बरे आहेत. बाईंना माझा नमस्कार सांगा.

तुमचा विद्यार्थी

ता. क. पुण्याच्या काकांनी निरोप दिला आहे. गावाकडे कधी खरी थंडी पडली आणि दही लागेनासं झालं, तर त्यांचा दुसरा अँप पलंगाखाली तयार आहे. काकू म्हणतात, विरजणही पाठवू.